घरपट्टी दादाच्या नावावर, सातबारा सरकारच्या

पत्र थोडक्यात : पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका ताईंचं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. वडील गवंडी होते, शेतजमीन नव्हती. १९८७ साली त्यांनी गावाबाहेर रस्त्यालगतच्या गायरानात तीन खोल्या बांधल्या. मागची वीसेक गुंठे जागा भावाने १९९४-९५ पासून नांगरायला घेतली. तिथे ज्वारी, कांदा होतो. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर भावाने एकट्याचं नाव लावून घेतलं. आई त्याच्याकडेच असते. गेल्या महिन्यात अतिक्रमण काढण्याची तहसीलची नोटीस आली आणि त्याच आठवड्यात भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. ‘एकाच्या नावावर असलं की केस लढायला सोपं,’ असं त्याचं म्हणणं. रस्त्याकडची दोन गुंठे स्टॅम्पवर घ्यायला एक गिऱ्हाईकही तयार आहे. वहिनीला येत्या ग्रामपंचायतीला उभं राहायचंय. गावाकडच्या वकिलांनी ‘तीस वर्षं होऊन गेली, आता सरकारचा हक्क संपला’ असं सांगितलंय. ताई विचारतात, ‘वडिलांच्या घरातला माझा हिस्सा मी का सोडू? सही केली तर फसले असं होईल, नाही केली तर माहेर तुटेल.’

ताई,

तुमच्या पत्रात हिस्सा जागोजाग आहे, पण गट नंबर कुठेच नाही. दादाने काय केलं, वहिनी काय बोलली, हे सगळं तुम्ही बारकाईने लिहिलंय. ती जमीन कागदावर कुणाची आहे हे मात्र एका ओळीत उरकलंय. आपल्याकडे हे घरोघरी होतं. भांडण भावाबहिणीत लागतं आणि ज्याच्यावरून लागलं ती वस्तू तिसऱ्याचीच निघते.

तर आधी हिश्श्याचं. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दादा आणि तुम्ही असे तिघं सारखे वारस. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही, याबद्दल शंका नको. पण वारसांना मिळतं ते वडिलांचं जे होतं तेवढंच. वडिलांचं काय होतं? विटा, पत्रे, चौकटी, त्यांच्या हातचं गवंडीकाम. खालची जमीन त्यांची होती का, हा प्रश्न तुम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलेला दिसत नाही. तुम्ही हिस्सा मागताय आणि दादा हिस्सा सोडून मागतोय. दोघंही जमीन आपलीच आहे असं धरून चाललाय.

ते आधी तपासा. सातबारा ऑनलाइन मिळतो. गट नंबर घालून काढा. भोगवटादाराच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ किंवा ‘सरकार’ आणि शेजारी ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ असेल, तर नोटीस ज्या जागेसाठी आली ती तीच. तिथे ‘ग्रामपंचायतीकडे’ असं लिहिलेलं असलं तरी हुरळून जाऊ नका. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात देखभालीसाठी दिलेलं असतं, मालकी शासनाचीच राहते. ग्रामपंचायतीने ठराव करून कुणाला घर बांधायला जागा ‘दिली’ असेल, तर तो ठराव भिंतीवर लावण्यापलीकडे फारसा कामाचा नाही.

एक शक्यता मात्र पडताळून पाहा. १९८७ साली गावाबाहेर असलेली जागा नंतर वाढीव गावठाणात आली असेल, तर सगळं चित्र पालटतं. गावठाणातल्या घरांना पूर्वी सातबारा नसायचा आणि बऱ्याच ठिकाणी मालमत्ता पत्रकही नसायचं. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून अशा घरांना मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली; आपल्याकडे त्याची चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर नकाशात तुमचं घर रेषेच्या आत आहे की बाहेर, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळेल. रेषा कधीकधी घराच्या पडवीतून जाते. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नका, नकाशाची नक्कल घ्या.

आता दादाच्या नमुना आठबद्दल, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. गावात ‘आठचा उतारा’ म्हटलं की दोन वेगळे कागद एकमेकांत मिसळतात. तलाठ्याकडचा आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा. (तलाठ्याचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण पाटी बदलली तरी गावाला ते भाऊसाहेबच.) ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीची नोंदवही. घर कुणाच्याही जागेत असो, तिथे राहणाऱ्याकडून पंचायत कर घेते आणि नाव लिहिते. तेवढ्याने मालकी येत नाही. दादाने एकट्याचं नाव लावलं हे वागणं म्हणून चुकलं. वारस म्हणून आईचं आणि तुमचं नाव यायला हवं होतं, आणि त्यासाठी अर्ज करायचा तुम्हाला हक्क आहे. पण त्या नोंदीने त्याला जमीन मिळाली आणि तुमची गेली, असं काही झालेलं नाही. सातबाऱ्याच्या फेरफारालाही, म्हणजे नावबदलाच्या नोंदीलाही, न्यायालयं मालकीचा पुरावा मानत नाहीत. नमुना आठ तर त्याच्याही खालच्या पायरीवरचा.

वकीलसाहेबांच्या तीस वर्षांकडे वळते, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. १९६३ च्या मुदत कायद्यात खासगी मालकाला ताबा परत मागायला बारा वर्षं आणि सरकारला दाव्यासाठी तीस वर्षं दिलेली आहेत. त्या मुदतीत मालक गप्प राहिला तर प्रतिकूल ताब्याने हक्क सांगता येतो. पण नुसतं राहून भागत नाही. ताबा उघड हवा, अखंड हवा आणि ‘ही जागा तुमची नाही, माझी आहे’ अशा मालकाविरुद्धच्या भूमिकेतून हवा. ‘सरकारी जागा आहे, राहतोय झालं’ ही भूमिका त्यात बसत नाही.

आता घरातली ट्रंक उघडा. वडिलांनी कधी अतिक्रमणाचा दंड भरल्याची पावती आहे का? जागा नियमानुकूल करून, म्हणजे अतिक्रमण कायदेशीर करून, मिळावी म्हणून कधी अर्ज केला होता का? बहुतेक घरांत यातलं काहीतरी सापडतंच. तो कागद म्हणजे जमीन सरकारची आहे हे वडिलांनी स्वतःच्या सहीने मान्य केल्यासारखं आहे. मग प्रतिकूल ताब्याचा दावा टिकणं अवघड. उलट त्याच पावतीने ताबा किती जुना आहे हे सिद्ध होतं, आणि नियमानुकूल करण्याच्या अर्जाला तीच सगळ्यात मोठी मदत. म्हणजे एका वाटेवर जो कागद पायात येतो, तोच दुसऱ्या वाटेवर हात देतो. दोन्ही वाटांवर एकदम चालता येत नाही. दादाने इकडे दिवाणी दावा आणि तिकडे तहसीलला विनंती अर्ज असं केलं, तर सरकारी वकील एक अर्ज दुसऱ्यात जोडतील.

त्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल ताब्यावरच्या एका महत्त्वाच्या निकालात आणखी एक गोष्ट नोंदवली : सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या जागांवर असा हक्क मिळू नये. गायरान म्हणजे नेमकी तीच जागा. माझा कल स्पष्ट सांगते. तुमच्या प्रकरणात मी तीस वर्षांच्या वाटेला जाणार नाही.

गायरानावरच्या नोटिसा अचानक का सुरू झाल्या, असं बरेच वाचक विचारतात. मूळ २०११ च्या जानेवारीतल्या जगपाल सिंग खटल्यात आहे. पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावात तळ्याची जागा बुजवून लोकांनी घरं बांधली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मोकळी करायला सांगितलं आणि सगळ्या राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याची योजना करायला लावली. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्राचा शासन निर्णय आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२-अ घातलं गेलं; त्याने सार्वजनिक कामाखेरीज गायरान कुणाला देणं जवळपास बंद केलं. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नात लक्ष घातलं, तेव्हा राज्यात गायरानांवर दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं असल्याचं पुढे आलं. त्यामुळे तुमच्या दादाला आलेली नोटीस गावातल्या कुण्या विरोधकाने पाठवली, हा त्याचा संशय बहुधा चुकीचा आहे. अशा नोटिसा राज्यभर गेल्या आहेत.

पण त्याच २०११ च्या निकालात एक खिडकी उघडी आहे. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी आदेशाने जागा दिलेली असेल, किंवा तिथे शाळा, दवाखाना असं काही उभं असेल, तर अपवाद म्हणून विचार व्हावा, असं न्यायालयाने म्हटलंय. महाराष्ट्रात त्यामागे मोठा इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेली, प्रामुख्याने मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. मराठवाड्यात त्या तारखांवर आजही लोक लढताहेत.

तुमच्या घराला या तारखा लावून पाहा. नांगरट १९९४ नंतरची आहे, म्हणजे मागची वीस गुंठे १९९० च्या रेषेपलीकडे पडतात. तुम्ही मागासवर्गीय भूमिहीन असलात तरीही. घराचं वेगळं आहे. सरकारी जागेवरच्या निवासी अतिक्रमणांसाठी पुढचे शासन निर्णय आहेत आणि त्यांत १ जानेवारी २०११ ही तारीख महत्त्वाची धरली जाते. १९८७ च्या तीन खोल्या तिच्या बऱ्याच आधीच्या. त्या जागेला ते निर्णय लागू होतात का, हे कलम २२-अ समोर ठेवूनच ठरेल आणि सोपं जाणार नाही. पण मागण्याजोगी बाजू तुमच्याकडे आहे ती तेवढीच : घर. म्हणून माझा दादाला सल्ला, वीस गुंठ्यांचा मोह सोड. घराबरोबर शेताचाही हट्ट धरला की अर्ज राहत्या गरजेचा वाटत नाही, जमीन बळकावल्याचा वाटतो. पीक उभं असेल तर ते काढेपर्यंत मुदत मागावी आणि मागची जागा स्वतःहून मोकळी करून तसं लेखी कळवावं. नोटिशीच्या उत्तरात याचं वजन पडतं.

हे त्याला पटणं अवघड आहे, मला कल्पना आहे. ‘गावात आता गुरं कुठे राहिलीत?’ हे तो म्हणेलच, सगळेच म्हणतात. त्याने एकदा संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून पाहावं. ज्यांच्याकडे गुंठाभर रान नाही पण चार शेळ्या आहेत, त्या बायका शेळ्या कुठे नेतात? मेंढरं घेऊन आलेला धनगर कुठे बसतो? आणि नवी पाण्याची टाकी, स्मशानभूमीची वाढ, आता सौर कृषी वाहिनीची पॅनेलं, या सगळ्याला गाव जागा कुठून देणार? तुमच्या वडिलांना डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून त्यांनी तिथे घर बांधलं, हे मला समजतं. कांद्याच्या वीस गुंठ्यांना ते कारण पुरत नाही.

स्टॅम्पवरच्या विक्रीबद्दल दोनच वाक्यं. शंभर रुपयांहून जास्त किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकली जात नाही, आणि जे आपलं नाही ते नोटरीसमोर लिहून दिल्याने दुसऱ्याचं होत नाही. झालंच तर एवढं होईल की ‘राहायला जागा नाही’ म्हणणारा माणूस जागा विकत होता, याचा लेखी पुरावा दादा स्वतःच तयार करेल.

वहिनींच्या निवडणुकीचा विषय तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलाय, पण तो मोठा आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र ठरतो. ‘अतिक्रमण सासऱ्यांनी केलं, माझं काय?’ हा बचाव २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. कुटुंबाचं अतिक्रमण चालू असेल आणि सदस्य त्याचा उपभोग घेत असेल, तर अपात्रता लागू शकते, असा त्या निकालाचा रोख आहे. महाराष्ट्रातलंच प्रकरण होतं ते. म्हणजे वहिनी निवडून आल्या की पडलेल्या उमेदवाराला जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला आयता मुद्दा, आणि त्या सुनावणीत घराची फाईल पुन्हा उघडणार. यंदा थांबलेलं बरं, हे त्यांना तुम्ही सांगू नका. नणंदेच्या तोंडून ते ऐकलं जाणार नाही. दादाच्या वकिलांनी सांगावं.

आता तुमची सही. हक्कसोडपत्र देऊ नका, पण तुम्ही समजताय त्या कारणासाठी नाही. मसुदा नीट वाचा. त्यात ‘वडिलोपार्जित मालकीची व वहिवाटीची मिळकत’ असं काहीतरी असणार, छापील मसुद्यांत असतंच. जी जमीन सातबाऱ्याला सरकारची आहे तिच्यावरचा मालकी हक्क तुम्ही सोडून देताय, असं नोंदणीकृत दस्तात लिहून तुमचाही फायदा नाही आणि दादाचाही. शिवाय नियमानुकूल करून घ्यायचं तर ‘आमची मालकी’ असं सांगणारा दस्त विनंती अर्जाच्या आड येईल.

दादाचं ‘एकाच नावावर सोपं’ हे म्हणणं मात्र मला अर्धं पटतं. अर्ज करायचा तो प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्यांनी. तुमचा पिंपरीत फ्लॅट आहे. अर्जदारांत तुमचं नाव आलं तर ‘यांना दुसरं घर आहे’ हा शेरा आपण होऊन मागवल्यासारखं होईल. म्हणून तुम्ही बाहेर राहा, पण आईचं नाव आत असू द्या, आणि पहिलं असू द्या. साध्या कागदावर संमती द्या : वडिलांनी बांधलेल्या घरात आई आणि भाऊ राहतात, त्यांनी अर्ज करायला माझी हरकत नाही. एवढंच. त्यात मालकी, हक्क सोडला, मोबदला मिळाला, असले शब्द नकोत. आणि तुम्हा तिघांत वेगळं लिहून ठेवा की पुढे जागा मिळाली तर आईला तहहयात तिथे राहता येईल, आणि बांधकामाच्या किमतीतला तुमचा वाटा हवा की नको ते तेव्हा बसून ठरेल. तुम्हाला तो नको असेल, असा माझा अंदाज आहे. पत्र वाचून वाटलं की तुम्हाला पैशापेक्षा विचारलं न गेल्याचं जास्त लागलंय. ते दादाला तसंच सांगा, जमिनीच्या भाषेत नको.

जागा नियमानुकूल झालीच, तर ती सहसा भोगवटादार वर्ग-२ म्हणून मिळते. वारसाने पुढे जाते, पण परवानगीशिवाय विकता येत नाही. इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण वर्ग-२ बद्दलची पत्रं माझ्याकडे ढिगाने येतात : वर्ग-२ म्हणजे अतिक्रमण नव्हे. ती तुमची कायदेशीर जमीन आहे, फक्त हस्तांतरावर सरकारची अट आहे. सातबाऱ्यावर वर्ग-२ पाहून घाबरून मिळेल त्या किमतीला दलालाच्या गळ्यात मारू नका. आणि पाणंद अडवल्याची तक्रार करणाऱ्यांनी या गायरानाच्या कलमांच्या मागे लागू नये. त्यांची वाट तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली किंवा महसूल संहितेच्या कलम १४३ खाली जाते.

परत तुमच्याकडे. नोटिशीवर उत्तराची तारीख असेल, ती चुकवू नका. ‘बघू’ म्हणत बसलेल्यांची घरं आधी जातात. उत्तरात बांधकामाचं साल, राहणाऱ्यांची नावं, आईचं वय, दुसरं घर नसल्याचं निवेदन आणि मोजणीची मागणी असावी. पुरावा म्हणून जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजजोडणीचं पहिलं बिल, त्या पत्त्यावरचं जुनं मतदार यादीतलं नाव चालतं. या पावत्या मालकीला उपयोगी नाहीत म्हणून मी वर नाकारल्या. ताबा केव्हापासून, हे दाखवायला त्याच लागतात, तेव्हा जपून ठेवा. आणि भाऊसाहेबांकडून गाव नमुना एक-ईची नक्कल मागा. अतिक्रमणांची नोंदवही ती. १९८७-८८ च्या आसपास तिथे वडिलांचं नाव असेल, तर त्याहून भक्कम पुरावा नाही, सरकारनेच लिहिलेला. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील आहे, मुदत साठ दिवसांची. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज द्यायचाच, नाहीतर अपील पडून आणि घर जमीनदोस्त.

हे सगळं करूनही घर जाऊ शकतं, हे आईपासून लपवू नका. तसं झालं तर बेघर कुटुंबाला घरकुलासाठी जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. आईचं किंवा दादाचं नाव घरकुलाच्या यादीत आहे का, हे पंचायत समितीत आत्ताच विचारून ठेवा, आदेश आल्यावर नाही. आणि त्या दोन गुंठ्यांच्या गिऱ्हाइकाकडून दादाने इसार घेतला असेल, तर या आठवड्यात परत करायला सांगा, पोच लिहून घेऊन.